राजाच्या जागी बाप

अमेरिकेने इंग्लंडच्या राजाला का सोडलं, हे मला बहरीनमध्ये, हमद टाउनच्या एका गच्चीवर, पाण्याच्या टाकीला पाठ लावून बसलेल्या एका नागपुरी गृहस्थांनी समजावून सांगितलं. मला ते जाणून घ्यायची काहीही गरज नव्हती. मी एका कंत्राटदार कंपनीच्या गोदामात स्टोअरकीपर. नट, बोल्ट, वायसर, सिमेंटच्या गोण्या, एवढं माझं राज्य. दापोली तालुक्यातला माणूस. आमच्याकडचे राजे कोणी हाकलले नाहीत, ते आपले आपणच संपले. पण हे गृहस्थ बोलायला लागले की उठून जायची सोय नसायची, कारण गच्चीचा जिना त्यांच्या पाठीमागे होता.

आम्ही सगळे त्यांना 'सर' म्हणायचो. कंपनीत ते डॉक्युमेंट कंट्रोलर होते, म्हणजे नकाशांच्या फायली सांभाळायच्या आणि कुठला नकाशा चालू, कुठला रद्द, हे इंजिनिअर लोकांना सांगायचं. त्याआधी विदर्भातल्या एका कॉलेजात तासिकेवर इंग्रजी शिकवायचे. एम.ए.ला त्यांचा खास विषय होता अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या काळातलं लिखाण: पत्रकं, जाहीरनामे, चौकातली भाषणं. तासिकेवर घर चालेना, म्हणून गल्फ गाठलं. येताना लोक लोणचं आणतात, पापड आणतात, फार तर प्रेशर कुकर आणतात. यांनी अमेरिकेची क्रांती आणली आणि ती कस्टमवाल्यांनी पकडली नाही.

घर बू जासिम नावाच्या बहरीनी गृहस्थाचं. तो खाली राहायचा, वर आम्ही दोन बिऱ्हाडं. एकीकडे मी आणि माझी बायको सकीना, दुसरीकडे सर, वहिनी आणि त्यांची एकुलती एक मुलगी प्रज्ञा. स्वयंपाकघरांच्या खिडक्या समोरासमोर होत्या. वहिनींनी मिरची परतली की सकीनाला ठसका लागायचा, आणि आमच्याकडे सुके मासे भाजायला घेतले की सर खिडकी लावून घ्यायचे. पण वाट्यांची देवाणघेवाण रोज चालायची. ईदला पहिली बिर्याणी त्यांच्याकडे आणि चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, पहिली खीर आमच्याकडे.

सरांचं पहिलं तत्त्व असं, की मागणं वेगळं आणि पटवणं वेगळं.

"मागणारा माणूस खाली बघून बोलतो, भाऊ," ते सांगायचे. "पटवणारा आधी असं एक वाक्य टाकतो, की समोरच्याला नाही म्हणताच येत नाही. मग दुसरं, मग तिसरं. समोरचा आपला हो-हो करत येतो. शेवटी बघतो तर मुकुट आपल्याच हाताने काढून दिलेला!"

"आणि त्याने पहिल्यालाच नाही म्हटलं तर?"

"तर तो मूर्ख आहे हे जगाला कळतं. तेही आपल्या फायद्याचंच."

हे तत्त्व त्यांनी पहिल्यांदा वापरलं ते बू जासिमवर. जुलै महिना होता आणि सरांच्या खोलीतला एसी, इथल्या भाषेत मुकैफ, बंद पडला होता. बहरीनच्या जुलैमध्ये एसी बंद म्हणजे काय, हे ज्याने भोगलं त्यालाच ठाऊक; भिंतीला हात लावला तरी चटका बसतो. दुसरा कोणी असता तर खाली जाऊन ओरडला असता. सर पांढरा शर्ट घालून, केस विंचरून, मला दुभाष्या म्हणून घेऊन खाली गेले. बू जासिम दारात खुर्ची टाकून चहा पीत होता. सरांनी इंग्रजीत सुरुवात केली ती निसर्गाने माणसाला दिलेल्या हक्कांपासून. हवा ही कोणाच्या मालकीची नाही. घरमालक आणि भाडेकरू यांच्यात एक करार असतो, तो दोघांच्या संमतीवर उभा असतो, आणि एकाने तो मोडला की दुसरा मोकळा होतो. मग थोडं थांबून माझ्याकडे बघितलं.

मी बू जासिमला म्हटलं, "बाबा, मुकैफ खलास."

बू जासिम म्हणाला, "इंशाल्ला."

"काय म्हणतोय?" सरांनी विचारलं.

"तत्त्व मान्य आहे म्हणतोय," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. सर त्यानंतर कायम हेच सांगत राहिले, की बू जासिमला करारनाम्याचा मुद्दा पटला. मी त्यांची समजूत मोडली नाही. एसी चालू झाल्याशी मतलब.

ऑफिसातही तीच तऱ्हा. त्यांना साधी खुर्ची हवी होती, जुनीचा पाय हलत होता. त्यांनी साहेबाला पानभर मेमो दिला. पहिला परिच्छेद मानवजातीवर होता. मग या खुर्चीने आजवर आपल्याला किती वेळा पाडलं आणि आपण ते किती सोशिकपणे सोसलं, याची यादी. साहेब इंग्रज होता. तो तो कागद घेऊन माझ्या गोदामात आला आणि म्हणाला, याला नक्की काय पाहिजे? मी म्हटलं, खुर्ची. त्याने कपाळावर हात मारून दोन खुर्च्या पाठवल्या. सरांनी दुसरी परत केली. म्हणाले, मागणीपेक्षा जास्त घेतलं की क्रांतीचा पाया ढासळतो.

आता तुम्ही म्हणाल, माणूस चक्रम होता. होताच. पण गच्चीवर वारा सुटला, खाली रस्त्यावरच्या गाड्या राउंडअबाउटला वळसे घालू लागल्या, आणि सर बोलायला लागले, की कधी कधी माझ्यासारख्या बोल्ट मोजणाऱ्यालाही काहीतरी व्हायचं.

"भाऊ, त्या काळात लोकांना एक शोध लागला होता," ते एकदा म्हणाले. "वाफेचा नाही, विजेचा नाही. अक्कल ही राजाने वाटायची वस्तू नाही, हा शोध. ती प्रत्येकाला जन्मापासून मिळालेली असते. शेतकऱ्याला, सुताराला, खानावळवाल्याला. एवढी एक गोष्ट पटली ना, की बाकी सगळं त्यातून निघत जातं. आणि ती पटवली कोणी? पंडितांनी नाही. बाजारात चार पैशाला मिळणाऱ्या पातळ पत्रकांनी. ती गुत्त्यात मोठ्याने वाचायचे, म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्यालाही समजावं. माझा बाप रेल्वेत गँगमन होता. दुपारच्या सुट्टीत रुळाच्या कडेला बसून गँगमधला एक जण पेपर वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. मी एम.ए.ला हा विषय घेतला तेव्हा मला वाटलं, अरे, हे तर आपल्याच घरचं आहे."

लगेच त्यांचा चेहरा बदलायचा. "पण लबाड होते, भाऊ. माणसं सगळी सारखी, असं लिहायचे आणि लिहिणाऱ्याच्या घरात गुलाम पाणी भरायचे! हे मी विद्यार्थ्यांना पहिल्या तासाला सांगायचो. वाक्य सोडू नका, पण लिहिणाऱ्याच्या स्वयंपाकघरात डोकावून या."

हे वाक्य बोलताना त्यांचा आवाज नेहमी चढायचा, आणि बोलून झालं की ते मान न वळवता जिन्याच्या दिशेने म्हणायचे, "चहा."

चहा यायचा. वहिनी कप ठेवून खाली जायच्या. मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं, खरं सांगतो. चहा चांगला असायचा.

वहिनी फारशा बोलायच्या नाहीत. सकीनाशी बोलायच्या, अगदी मोकळ्या, दोघी खिडकीतून तासन् तास. पण सर घरात असले की गप्प. सर त्यांना कौतुकाने 'आमची जनता' म्हणायचे. जनता सोशिक असते, असंही म्हणायचे.

प्रज्ञा मात्र बापाची बेटी. दहावीला होती, इंडियन स्कूलमध्ये. मराठी सगळं कळायचं, उत्तर इंग्रजीत. सर तिच्याशी रोज जेवताना वाद घालायचे. आज विषय दिला, सूर्य पश्चिमेला उगवतो, पटव. ती पटवायची. उद्या विषय, भात वाईट. ती पटवायची आणि वर भात मागून घ्यायची. सरांना केवढा अभिमान! मला सांगायचे, "हिला कोणी फसवू शकणार नाही, भाऊ. हिला मी हत्यार दिलं आहे."

आणि याच प्रज्ञाला दहावी झाली की नागपूरला पाठवायचं त्यांनी ठरवलं. कारणही काही चुकीचं नव्हतं. बारावी महाराष्ट्रातून झाली नाही, तर मेडिकलला राज्याच्या जागांवर हक्क राहत नाही. प्रज्ञाने डॉक्टर व्हायचं हे ती जन्मली तेव्हाच ठरलं होतं. रेल्वेच्या गँगमनने नातीला मांडीवर घेऊन ते जाहीर केलं होतं म्हणे. सरांच्या धाकट्या भावाचं घर नागपुरात, तिथे राहायचं. भावाच्या बायकोचं तोंड कसं आहे, ते वहिनींना माहीत होतं आणि त्यांनी ते सकीनाला सांगितलं होतं. सरांना कोणी सांगितलं नव्हतं. जूनचं तिकीट सरांनी कंपनीच्या ट्रॅव्हलवाल्याकडून काढूनसुद्धा टाकलं, आणि मग घरी येऊन सांगितलं.

प्रज्ञा त्यानंतर आमच्याकडे यायची आणि सकीनाजवळ नुसती बसून राहायची. सकीना मला म्हणाली, "अहो, पोरगी सुकत चाललीय. तुम्ही सरांना काय ते सांगा."

मी गच्चीवर विषय काढला. सरांनी मला शिक्षणाचं महत्त्व इतकं पटवलं, की खाली येऊन मी सकीनाला म्हटलं, पोरीने गेलंच पाहिजे. सकीनाने त्या दिवशी मला जेवायला वाढलं नाही. कालचा डाळभात फ्रिजमध्ये होता, तो मी घेतला.

अशात शाळेत इंग्रजी वक्तृत्व स्पर्धा निघाली. विषय, शब्दांची ताकद. सरांना दुसरं काय सुचणार? तेरा वसाहतींनी राजाविरुद्ध जगापुढे मांडलेली तक्रार, हाच विषय. ते स्वतः भाषण लिहायला बसले आणि लिहून झालं की घरात मोठ्याने वाचायला लागले. खिडकीतून माझ्या कानावर आलं. राजाने हे केलं, राजाने ते केलं, राजाला आता आमच्यावर राज्य करायचा हक्क नाही.

तौबा तौबा! ती वर्षं बेटावर जरा नाजूक होती. कुठे कुठे रात्री टायर जळायचे, पोलिसांच्या गाड्या फिरायच्या, आणि आम्ही परदेशी माणसं, व्हिसावर जगणारी, कोल्ड स्टोअरमध्ये दूध घ्यायला गेलो तरी हवापाण्यावरच बोलायचो. मी पायात चप्पल न घालता त्यांच्याकडे धावलो.

"सर, असं मोठ्याने नका वाचू. तुमचा राजा दोनशे वर्षांपूर्वीचा. इथला आत्ताचा आहे. खाली बू जासिम बसलाय, त्याचा एक मेहुणा पोलिसात आहे. तेवढा राजा काढा."

"राजा काढला तर भाषणात उरतं काय?"

"मला माहीत नाही. पण राजा राहिला तर आपण उरत नाही."

सर चिडले नाहीत. तर्काला तर्क मिळाला की ते खूश व्हायचे. थोड्या येरझारा घालून म्हणाले, "सापडलं. बाप! राजाच्या जागी बाप घालायचा. त्या काळी राजाला प्रजेचा बापच म्हणायचे, आणि पत्रकं लिहिणारे त्यावरच वार करायचे. मुलगा मोठा झाला तरी बापाने हात धरून चालवायचं का, असं विचारायचे. ऐकणाऱ्याला बाप म्हटलं की आपोआप राजा कळेल. पोलिसाला फक्त बाप कळेल."

मला ही युक्ती फारच आवडली. त्या दिवसापासून संध्याकाळी समोरच्या खिडकीतून प्रज्ञाच्या खड्या आवाजात बापाची निंदा ऐकू यायला लागली. बाप दूर बसून हुकूम सोडतो. बाप न विचारता कायदे करतो. बापाला आम्ही नम्रपणे विनवलं, बापाने ऐकलं नाही. बू जासिमने मला एकदा जिन्यात गाठून विचारलं, वर सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, शाळेचा अभ्यास आहे. तो म्हणाला, "माशाल्ला."

सर समोर खुर्चीत बसून दिग्दर्शन करायचे. "बाप म्हणताना आवाज खाली आण. राग दाखवू नको, दुःख दाखव. रागावलेल्याचं कोणी ऐकत नाही. आणि टाळ्यांसाठी थांबू नको. टाळ्या वाजवून लोक घरी जातात. लोक उठून काहीतरी करायला लागले पाहिजेत." प्रज्ञा मान हलवायची. पोरगी त्या दिवसांत अगदी शहाण्यासारखी वागत होती. सर म्हणाले, तिने नागपूरचं मनावर घेतलं आहे, आता रडत नाही. मलाही हायसं वाटलं.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही सगळे सरांच्या जुन्या गाडीतून गेलो. शाळेचा हॉल भरलेला. केरळी, गुजराती, पंजाबी, आपली माणसं. पुढच्या रांगेत पाहुणे म्हणून पांढऱ्या झब्ब्यातले एक बहरीनी अधिकारी. त्यांना बघून मी मनातल्या मनात बापाचे आभार मानले.

प्रज्ञाचं नाव पुकारलं. ती स्टेजवर आली, माइक खाली केला. ती इंग्रजीत बोलली; मी मराठीत सांगतो, कारण मला ते मराठीतच कळलं.

सुरुवात पाठ केलेलीच होती. शब्दांनी माणसं कशी हलतात, एका दूरच्या किनाऱ्यावर लोकांनी आपल्या बापाला जगापुढे उभं करून कसा जाब विचारला. सर माझ्या शेजारी ओठ हलवत होते. तिचं प्रत्येक वाक्य ते तिच्याआधी अर्ध्या श्वासाने पूर्ण करत होते. मग एका ठिकाणी त्यांचे ओठ एक बोलले आणि माइकमधून दुसरंच आलं.

"आता मी माझ्या बापाच्या तक्रारी जगापुढे ठेवते," प्रज्ञा म्हणाली. "मी कुठे राहायचं आणि काय शिकायचं, हे माझ्या बापाने मला न विचारता ठरवलं. तिकीट काढल्यावर मला सांगितलं. समुद्रापलीकडच्या एका घरात मला पाठवायचं आहे. त्या घरात मला काय वाटेल, हे त्याने एकदाही विचारलेलं नाही. मला रोज जेवताना विषय मिळतो. सूर्यावर माझं मत विचारतात. भातावर विचारतात. माझ्यावर कधी विचारलेलं नाही."

हॉलमध्ये कोणीतरी हसलं. मुलांना वाटलं, विनोदी भाषण आहे.

"माझा बाप सांगतो, समतेवर लिहिणाऱ्यांच्या घरात गुलाम होते. सांगताना त्याचा आवाज चढतो. मग तो मान न वळवता म्हणतो, चहा. माझी आई चहा आणते. माझी आई आमच्याबरोबर कधीही जेवायला बसलेली नाही. ती उभी असते, वाढायला."

आता कोणी हसलं नाही. सकीनाने माझ्या दंडाला इतकं घट्ट धरलं, की वळ उठला. मी सरांकडे बघायचं टाळलं. वहिनी समोर बघत होत्या, पदर हनुवटीशी धरून.

"तो वाईट माणूस नाही," प्रज्ञा म्हणाली. तिचा आवाज इथे पहिल्यांदा हलला. "मला जे येतं ते सगळं त्यानेच शिकवलं. म्हणून त्याच्या पाठीमागे कुजबुजण्यापेक्षा मी त्याच्यासमोर, तुम्हा सगळ्यांना साक्षी ठेवून सांगते. मी जाणार नाही."

आणि ती माइक पुन्हा वर करून, जशी आली तशी निघून गेली.

मग पांढऱ्या झब्ब्यातल्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मागोमाग सगळ्यांनी. राजाच्या भीतीने आम्ही जो शब्द बदलला होता, त्यामुळे पाहुण्यांना तर ते भाषण फारच आवडलं. परीक्षकांना वाटलं, पोरीने नाट्य केलं. त्यांनी तिला उत्तम अभिनयासाठी उत्तेजनार्थ बक्षीस दिलं. आमच्या पुढे बसलेली एक बाई नवऱ्याला म्हणाली, किती खरं वाटलं ना? नवऱ्याने घड्याळ बघितलं.

घरी जाताना गाडीत सर चालवायला, मी त्यांच्या शेजारी, मागे तिघी. एसीची घरघर चालू होती. मला वाटलं आता फुटणार, मग वाटलं नाही फुटणार, आणि मला कुठलं बरं ते ठरवता येईना.

हमद टाउनच्या पहिल्या राउंडअबाउटला सर म्हणाले, "रचना चांगली होती. शेवटही नीट. पण दुसऱ्या तक्रारीला पुरावा कमी पडला."

मागून वहिनी म्हणाल्या, "पुरावा मी आहो ना जी."

गाडीतल्या कोणीच वळून बघितलं नाही. जनता बोलली होती. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज सरांसमोर ऐकला. चांगला ठणठणीत आवाज होता.

"तुमच्या भावाकडं काय हाये, तेही ऐका मंग," वहिनी पुढे म्हणाल्या. "चार दिवस गेलो होतो आपण, तं पोरीच्या ताटात भाकर मोजून वाढत होती तुमची भावजय. तुम्ही बाहेर पेपर वाचत होते. मी तवाच म्हटलं, इथं लेक ठेवायची नाही. पण तुम्हाला सांगाव कोणं? तुम्ही तं मलेच वादात हरवता."

सरांना राउंडअबाउटला वळायचं होतं तिथे ते वळले नाहीत. गाडी परत गोल फिरली.

"पण प्रज्ञा," ते म्हणाले, आणि त्यांची कॉलेजातली भाषा कुठच्या कुठे गेली, "बेटा, तू मले आधी काहून नाही सांगितलं? घरी? असं लोकांपुढं..."

"आय डिड, पप्पा," प्रज्ञा खिडकीबाहेर बघत म्हणाली. "मेनी टाइम्स. यू करेक्टेड माय सेन्टेन्सेस."

ज्या माणसाने गच्चीवर इतकी वर्षं माझा एकही प्रश्न बिनउत्तराचा सोडला नव्हता, तो स्टिअरिंग धरून गोल फिरत राहिला. मागून एका पिकअपने हॉर्न दिला. शेवटी मी हळूच म्हटलं, "सर, उजवीकडे." तेव्हा ते वळले.

मला त्या रात्री त्यांचा राग आला होता, हेही सांगतो. मग दया आली, मग पुन्हा राग आला. सकीना म्हणाली, झोपा आता, तुमचा काय संबंध?

दोन-तीन दिवस गच्चीवर कोणी आलं नाही. मग एका संध्याकाळी सर आले आणि टाकीला टेकून बसले. मी जिन्याच्या बाजूला बसलो.

"ट्रॅव्हलवाल्याला सांगून आलो," ते म्हणाले. "तिकीट कॅन्सल. ती इथेच बारावी करणार."

"मग मेडिकल?"

"नाही. राज्याच्या जागा गेल्या. पैसे भरून घेणं आपल्याला जमणार नाही." मग म्हणाले, "माझा बाप असता तर काय म्हटला असता, माहीत नाही. त्याने नातीला मांडीवर घेऊन सांगितलं होतं."

असल्या वेळी मी 'अल्ला मालिक' म्हणतो, तेच म्हटलं. मग वाटलं, त्यांना बरं वाटेल असं काही बोलावं. म्हटलं, "सर, पण पोरीने पटवलं हो तुम्हाला. तुमचंच शिक्षण. तुमच्यासारख्या माणसाला पटवणं म्हणजे खेळ आहे का?"

"नाही पटलं," सर म्हणाले.

"काय?"

"नाही पटलं, भाऊ. भाषण चांगलं होतं. चहाचं खरं आहे, भावजयीचंही खरं असेल. पण मुद्दा म्हणून घेतला तर मला आजही वाटतं, तिने जायला पाहिजे होतं. दुसऱ्या कोणाकडे, हॉस्टेलला, कुठेही. दोन वर्षं रडली असती आणि डॉक्टर झाली असती. आत्ता वाद घातला तर मीच जिंकेन."

"मग तिकीट काहून रद्द केलं?" मी विचारलं. त्यांच्या सहवासाने माझ्याही तोंडात काहून बसलं होतं.

डोळे पुसायला सरांनी चष्मा काढला नाही, चष्म्याखालून बोट घातलं.

"तो राजाही वादात हरला नव्हता, भाऊ. त्याच्या बाजूनेही पुष्कळ मुद्दे होते, मी शिकवलेत ते. तो शेवटपर्यंत आपल्या मुद्द्यावर राहिला आणि त्या तेराही वसाहती गेल्या. त्याला चाललं. त्याच्याकडे अजून पुष्कळ होत्या. मला एकच आहे."